कास्ट न लिहिलेल्या ओळीवर

जावा भाषेतला आमचा प्रोग्रॅम ज्या ओळीवर कोसळला ती अगदी साधी होती: ओळख क्रमांकांच्या यादीवर फिरणारा एक फॉर लूप. एरर होती क्लासकास्टएक्सेप्शनची, इंटिजरला (लहान पूर्णांकाचा प्रकार) लाँग (मोठ्या पूर्णांकाचा प्रकार) मानता येत नाही म्हणून. पण त्या ओळीत कास्ट, म्हणजे वस्तूला अमुक प्रकारची मान असं सांगणारी खूण, लिहिलेलाच नव्हता. यादी 'लिस्ट<लाँग>' म्हणून जाहीर केलेली आणि कंपायलरची एकही वॉर्निंग नाही. टीममध्ये नवीन आलेली सहकारी गोंधळून म्हणाली, "या यादीत लाँगशिवाय काही जाऊच शकत नाही ना? मग इंटिजर शिरला कुठून?"

मी तिला 'जावापी' हे साधन चालवून बाईटकोड, म्हणजे कंपायलरने तयार केलेल्या सूचना, बघायला सांगितलं. यादीतली पुढची वस्तू आणणाऱ्या इटरेटरच्या 'नेक्स्ट'नंतर लगेच 'चेककास्ट' ही सूचना होती. जावाचा कंपायलर कोनी कंसातला प्रकार तपासतो आणि मग पुसून टाकतो. यालाच टाइप इरेझर म्हणतात. प्रोग्रॅम चालताना ती यादी नुसती 'लिस्ट' उरते, आणि वस्तू बाहेर काढायच्या जागी कंपायलर स्वतः कास्ट घालून ठेवतो. त्यामुळे चुकीची वस्तू आत जाते एकीकडे आणि बोंब होते दुसरीकडे.

मधला प्रवास लांबचा होता. यादी बऱ्याच क्लासमधून फिरून आलेली, आणि लॉगमध्ये इंटिजर काय, लाँग काय, छापलेला आकडा सारखाच दिसतो. मग यादी तयार होते तिथेच मी तिला 'कलेक्शन्स.चेक्डलिस्ट'मध्ये गुंडाळलं. जेनेरिक्सबरोबरच (कोनी कंसात प्रकार लिहिण्याची पद्धत) आलेली ही सोय फार कमी जण वापरतात, याचं मला वाईट वाटतं. तिच्यामुळे प्रत्येक वस्तू आत जातानाच तपासली जाते. तोच डेटा पुन्हा चालवला आणि एक्सेप्शन थेट गुन्ह्याच्या जागी आलं: २००४ च्या आधी कंपाइल झालेली एक लायब्ररी, जिचा सोर्स आमच्याकडे नव्हता.

ती लायब्ररी साधी 'लिस्ट' मागते. तिला 'लिस्ट<लाँग>' दिली तर कंपायलर गप्प राहतो. वॉर्निंग यायची ती लायब्ररी कंपाइल होताना, पण तेव्हाच्या कंपायलरला जेनेरिक्स माहीतच नव्हते. लहान आकड्याचा ती इंटिजर करायची, मोठ्याचा लाँग. आमचे सगळे क्रमांक इंटिजरच्या कमाल मर्यादेच्या, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ च्या, पुढचे, म्हणून इतकी वर्षं काही बिघडलं नाही. त्या आठवड्यात लहान क्रमांकांची नवी मालिका सुरू झाली होती.

याहून वाईट गोष्ट पुढे होती. हीच यादी आणखी एका ठिकाणी 'कंटेन्स'ने (वस्तू यादीत आहे का हे सांगणारी क्रिया) दुबार नोंदी ओळखायला वापरली जात होती. इंटिजर ५ आणि लाँग ५ 'इक्वल्स'च्या लेखी कधीच समान नसतात. तिथे कास्ट नाही, त्यामुळे एक्सेप्शनही नाही. नुसतं 'फॉल्स' येतं. म्हणजे नवी मालिका सुरू झाल्यापासून दुबार नोंदी निमूट आत शिरत होत्या. लूप कोसळला नसता तर आम्हाला कळलंही नसतं. उरलेला दिवस त्या नोंदी शोधून काढण्यात गेला.

काम करता करता तिने विचारलं, "भाषेतच अशी फट का ठेवली?" प्रश्न रास्त होता. जावा १९९५ ची, जेनेरिक्स आले २००४ मध्ये, जावा ५ सोबत. ब्राचा, ओडर्स्की, स्टाउटमायर आणि वॉडलर यांनी १९९८ मध्ये मांडलेली 'जीजे' ही रचना त्यांचा पाया होती, आणि जुना कोड न बदलता नव्याशी जोडला जावा हा तिचा आग्रह होता. सी शार्पने २००५ मध्ये दुसरी वाट धरली: तिथे प्रकार चालत्या प्रोग्रॅमलाही माहीत असतो, इंटिजर आत जातानाच अडला असता. पण त्यासाठी जुन्या संग्रहांच्या शेजारी नवे वेगळे संग्रह उभे करावे लागले. जावात तोवर जमलेला कोड पाहता इरेझरचा निर्णय योग्यच होता, असं मला मनापासून वाटतं. ज्या लायब्ररीने आम्हाला त्रास दिला, ती इतकी वर्षं आमच्या नव्या कोडशी बोलू शकली तीही त्याच निर्णयामुळे.

आता त्या लायब्ररीला आम्ही आमची यादी देत नाही. कोरी 'लिस्ट<ऑब्जेक्ट>' देतो, परत आलेला प्रत्येक घटक 'नंबर' म्हणून घेतो, 'लाँगव्हॅल्यू'ने त्याचा लाँग करतो आणि मगच पुढे जाऊ देतो. अशा इतर जागा कंपायलर दाखवणार नव्हता, म्हणून लायब्ररीचा प्रत्येक कॉल आम्ही दोघांनी शेजारी बसून एकेक करून वाचून काढला.