दोआई : एक फलाट उन्हात, दुसरा डोंगराच्या पोटात

जपानमधल्या गुन्मा प्रांतातल्या मिनाकामीहून जोएत्सु लाईनची डाऊन लोकल सुटली की दहाएक मिनिटांत दोआई येतं. मध्ये एकच स्टेशन, युबिसो. गाडी युबिसोच्या आधीच बोगद्यात शिरलेली असते आणि दोआईला दारं उघडतात तीही बोगद्यातच. उतरल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो गारवा. बाहेर ऑगस्टचं ऊन असलं तरी इथे जाकीट लागतं. भिंती ओलसर, दिवे विरळ, आणि गाडी निघून गेल्यावर पाण्याच्या ठिबकण्याखेरीज आवाज नाही.

फलाटावरून वर जायला एकच वाट आहे : सरळ रेषेत चढत गेलेल्या ४६२ पायऱ्या. खालून पाहिलं तर दुसऱ्या टोकाला उजेडाचा लहानसा ठिपका दिसतो. दर पाच पायऱ्यांनंतर सपाट टप्पा आहे, त्यामुळे दम लागतो पण गुडघे फार कुरकुरत नाहीत. मध्ये बसायला बाक आहे, पायऱ्यांचे आकडे अधूनमधून लिहिलेले आहेत. जिन्याच्या कडेला एक रुंद पट्टा मोकळा दिसेल, त्यावरून झऱ्याचं पाणी वाहत असतं. ही जागा सरकत्या जिन्यासाठी राखली होती. तो कधी बसलाच नाही. लिफ्टही नाही. जिना संपला की काम संपलं असं नाही. पुढे सुमारे दीडशे मीटरचा बंदिस्त पूल आहे, तो युबिसो नदी आणि रस्ता ओलांडतो, आणि मग आणखी २४ पायऱ्या. एकूण ४८६. फलाट आणि स्टेशनची इमारत यांच्या उंचीत सुमारे ७० मीटरचा फरक आहे, म्हणजे वीस-बावीस मजले.

अप गाडीचा फलाट मात्र इमारतीच्या शेजारी, उघड्यावर, झाडांच्या सावलीत. (टोकियोकडे जाणारी गाडी अप, टोकियोपासून दूर जाणारी डाऊन, मुंबईच्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.) एकाच स्टेशनच्या दोन फलाटांत एवढं अंतर का, याचं उत्तर इथल्या दोन बोगद्यांत आहे, आणि मला या स्टेशनचं खरं मोल तिथेच वाटतं.

पहिला शिमिझु बोगदा १९३१ मध्ये खुला झाला. लांबी ९,७०२ मीटर, त्या वेळी जपानमधला सर्वांत लांब. डोंगराच्या पायथ्यातून आरपार जायचं तर बोगदा आणखी लांब खणावा लागला असता. म्हणून आधी रूळ गोल फिरवून उंची गाठली आणि मग वरच्या, अरुंद भागात बोगदा खणला. अशी वर्तुळं डोंगराच्या दोन्ही अंगांना आहेत. एवढ्या लांब बोगद्यात वाफेच्या इंजिनाचा धूर कोंडला असता, म्हणून हा टप्पा पहिल्या दिवसापासून विजेवर चालला. दोआई तेव्हा फक्त एकेरी मार्गावर गाड्यांची अदलाबदल करण्याचं ठिकाण होतं; प्रवासी स्टेशन झालं ते १९३६ मध्ये.

पुढे वाहतूक वाढली आणि दुहेरी मार्गाची गरज पडली. तोवर लांब बोगदे खणण्याचं तंत्र सुधारलं होतं, त्यामुळे नवा शिन-शिमिझु बोगदा वर्तुळाच्या भानगडीत न पडता खालच्या पातळीवरून सरळ काढला : सुमारे साडेतेरा किलोमीटर, १९६७. डाऊन गाड्या नव्या बोगद्यात गेल्या, अप गाड्या जुन्या मार्गावरच राहिल्या. तानिगावा डोंगराचे गिर्यारोहक इथेच उतरत, रात्रीच्या गाडीने येऊन पहाटे चढाईला लागत. त्यामुळे डाऊनचा थांबा ठेवायचा तर तो बोगद्यातच करावा लागला. स्टेशनवर कर्मचारी होते तेव्हा डाऊन गाडीसाठीची तिकीट तपासणी सुटण्याच्या दहा मिनिटं आधीच बंद व्हायची. त्यानंतर निघालेला माणूस गाडी गाठूच शकत नसे. १९८२ मध्ये जोएत्सु शिनकान्सेन ही बुलेट ट्रेन याच डोंगराखालून तिसऱ्या, २२ किलोमीटरच्या दाइशिमिझु बोगद्यातून धावू लागली आणि लांब पल्ल्याची रहदारी तिकडे गेली. १९८५ पासून स्टेशनवर कर्मचारी नाही. तिकीटघराच्या जुन्या जागेत आता कॅफे आहे.

आता जाण्याचं. दिवसात प्रत्येक दिशेला पाच-सहाच गाड्या थांबतात आणि दोन गाड्यांमध्ये कित्येक तासांचं अंतर पडू शकतं. आधी परतीची गाडी ठरवा, मग जाण्याची. माझा आग्रह असा की डाऊन गाडीने या आणि अप गाडीने परत जा. चढायला पंधरा-वीस मिनिटं धरा, उतरायला दहा. गडबड होते ती डाऊन गाडीने पुढे, डोंगरापलीकडच्या एचिगो-युझावाकडे निघणाऱ्यांची. इमारत दिसली म्हणजे स्टेशन आलं असं समजून ते निवांत बसतात आणि गाडी ७० मीटर खालून निघून जाते. ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांनी एचिगो-युझावाकडून अप गाडीने यावं, सपाटीवर उतरता येतं. किंवा मिनाकामीहून तानिगावादाके रोपवेची बस धरावी, ती स्टेशनसमोर थांबते. रोपवे तिथून चालत वीसेक मिनिटांवर आहे. मोठी सुटकेस वाटेतल्या ताकासाकी स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. पायऱ्या ओल्या असतात, तेव्हा चांगली पकड असलेले बूट हवेत. तिकीट आधीच काढून ठेवा आणि थोडी रोकड जवळ असू द्या.

अप गाडीत बसल्यावर लगेच मोबाईल काढून बसू नका. दोआई सुटलं की गाडी १९३१ च्या त्याच वर्तुळावरून खाली उतरते आणि वळण घेण्याआधी खोल दरीत युबिसो स्टेशन दिसतं. थोड्या वेळाने गाडी त्याच स्टेशनावर येऊन थांबते.