गाविलगडच्या डोंगरावरून आमचं वावर

आमच्या अंगणातून उत्तरेला पाहिलं की डोंगराची निळी रेघ दिसते. पावसानं हवा धुतली गेली की ती एवढी जवळ येते की झाडं मोजून घ्यावीशी वाटतात, आणि चैत-वैशाखात धुळीत विरून जाते. अंजनगाव सुर्जीकडची आम्ही सगळी माणसं या रेघेकडे बघतच मोठी झालो. माझ्या मायनं तर पन्नास वर्षं कापूस वेचता वेचता कंबर सरळ करायला उभं राहून हाच डोंगर पाहिला. पण वर कधी गेली नाही. सत्तरी ओलांडली तरी नाही. यंदा डिसेंबरात मी हट्टानं तिला चिखलदऱ्याला नेलं. म्हटलं, वरून सूर्य उगवताना बघू.

परतवाड्याहून चिखलदरा तीसेक किलोमीटर. घाट दुपारीच चढावा, अंधार पडू देऊ नये. हा मेळघाट आहे, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, आणि वळणावर कोणतं जनावर उभं असेल सांगता येत नाही. खाली संत्र्याचे बगिचे संपले की सागाचं जंगल सुरू होतं, कानात दडे बसतात, आणि गाडीची काच उघडली की हवेचा वास बदललेला असतो. वर पोचलो तेव्हा मायनं पहिलं विचारलं, "इतली थंडी? अन् खाली तं घाम येत होता."

पहाटे साडेपाचला निघालो. शाल, मफलर, त्यावर माझं स्वेटर. "काऊन वं, इतल्या अंधारात?" असं पुटपुटत का होईना, पण ती माझ्या आधी चपला घालून उभी होती. चहाच्या टपरीवर शेकोटी पेटलेली होती. चहा गवळ्यांच्या दुधाचा, घट्ट. कॉफीही मिळते; महाराष्ट्रात कॉफीचे मळे आहेत ते याच डोंगरावर. मायनं मात्र एक घोट घेऊन कप माझ्याकडे सरकवला.

सूर्योदयासाठी दक्षिणेकडचा, मैदानावर उघडणारा कडा गाठावा, आणि तोही हिवाळ्यातच. उन्हाळ्यात सूर्य ईशान्येकडे सरकतो आणि डोंगराच्याच पाठीमागून वर येतो. डिसेंबरात तो आग्नेयेला असतो, म्हणजे कड्यावर उभं राहिलं की डाव्या हाताला, चांदूर बाजारच्या बाजूला, थेट सपाटीतून उगवतो. साडेसहाला तिकडे तांबडं फुटलं. सातला सात-आठ मिनिटं कमी असताना एक लालबुंद कड वर आली, इतकी शांत की बघता बघता डोळे भरून आले. मागे जंगलात वानरं हुपहुपली.

खाली मात्र काहीच नव्हतं. रात्री गार हवा उतरून मैदानात साचते आणि सकाळी धुईचा पांढरा थर पसरलेला असतो. त्याच्यावर गुलाबी रंग चढत गेला. माझ्या शेजारचे चार-पाच पर्यटक फोटो काढत होते. मायनं हात कपाळाशी नेला आणि म्हणाली, "धुई पडली पाह्य. तुरीचा बार गयते आता."

धुईनं तुरीचा फुलोरा गळतो. मला त्या क्षणी तिचं म्हणणं फार खरं वाटलं. तो रंग मी बघत होते, ती त्याच्याखालची तूर बघत होती.

बहुतेक लोक सूर्य वर आला की नाश्त्याला पळतात. तसं करू नका. आम्ही कळण्याची भाकर अन् ठेचा खाऊन गाविलगडावर गेलो, आणि खरा डोंगर तिथं कळला. खालून हा किल्ला अजिंक्य वाटतो, पण उत्तरेला तो एका खिंडीसारख्या चिंचोळ्या भागानं पठाराला जोडलेला आहे. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हेच हेरलं, तोफा डोंगरातून ओढत उत्तरेकडे आणल्या आणि १५ डिसेंबरला किल्ला घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. पंधराच दिवसांनी, ३० डिसेंबरला, शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो आमच्या सुर्जी अंजनगावला. शाळेत हा तह पाठ केला होता. पण तो का झाला ते या तटावर उभं राहिल्यावर अंगात भिनलं. दिल्ली दरवाज्यावर कोरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी मायनं बोटांनी चाचपून पाहिला. दगडी पायऱ्यांवर मी म्हणत होते, "माय, पाय जपून टाक." ती म्हणे, "टाकतो ना वं, धुऱ्यावरून चालतोच की रोज."

दहाच्या सुमारास दक्षिणेच्या तटाशी पोचलो तेव्हा धुई उठली होती. खाली सगळं वऱ्हाड पसरलं होतं, चौकोन चौकोन, तुरीचे हिरवे, पऱ्हाटीचे तपकिरी. डोंगराच्या पायथ्याशी पाणी चकाकत होतं.

"ते काय?"

"शहानूर धरण, माय. आपल्या नळाचं पाणी तिथूनच येतं."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मी तिला सांगितलं की या बाजूचं पाणी शहानूर, चंद्रभागा या इथल्या नद्यांतून पूर्णेला जातं आणि पलीकडच्या उताराचं सिपना नदीतून तापीला. पूर्णाही पुढे चांगदेवला तापीलाच मिळते. तिनं मान हलवली. डोळे खालीच होते.

"आपलं वावर कोठी असन?"

अंजनगाव इथून जवळपास सरळ दक्षिणेला, पंचवीसेक किलोमीटर. मी हात लांब करून दाखवलं. तिनं माझ्या हाताच्या रेषेत डोळे बारीक केले, मग मला भावाला फोन लावायला लावला. तो वेचणीवर होता.

"कोठी हायेस? वावरात ना? मंग डोंगराकडे पाह्य."

"पाह्यलं. काऊन?"

"मी तथीच उभी हावो," ती म्हणाली, आणि शालीचा पदर धरून हात वर केला.