मठाच्या शेजारी मिग विमान: जॉर्जिया आणि आर्मेनियात एकटीने

जॉर्जिया आणि आर्मेनिया, दोन्ही सोव्हिएत युनियनमधून स्वतंत्र झाले १९९१ साली. म्हणजे आजचं सरकार, पासपोर्ट, नोटा हे सगळं माझ्या पिढीच्या वयाचं आणि ज्या लिप्यांमध्ये त्या नोटा छापल्यात त्यांची परंपरा दीड हजार वर्षांची. मला हेच बघायचं होतं, आणि एकटीनेच बघायचं होतं, कारण ग्रुप टूरमध्ये चर्च दाखवतात, वाईन पाजतात आणि बसमध्ये बसवतात, तिथल्या माणसांशी बोलायला वेळच मिळत नाही.

जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, पहिल्याच दिवशी रुस्तावेली रस्त्यावरून भरपूर चालले. याच शहरात १४ एप्रिल १९७८ ला हजारो लोक रस्त्यावर उतरले होते, कारण नव्या घटनेतून जॉर्जियन भाषेचा राज्यभाषेचा दर्जा काढायचं घाटत होतं. सोव्हिएत राजवटीत असा मोर्चा काढायचा म्हणजे काय हिंमत लागली असेल विचार करा, आणि दर्जा टिकला सुद्धा! आज तो दिवस तिथे भाषा दिन म्हणून पाळतात. मराठी माणसाला हे वाचून आतून काहीतरी होतंच.

तिथून जवळच म्त्सखेता, जुनी राजधानी. टेकडीवर सहाव्या शतकातलं ज्वारी नावाचं चर्च, खाली अकराव्या शतकातलं स्वेतित्सखोवेली कॅथेड्रल. आत गेले तर लग्न चालू होतं, डोक्याला स्कार्फ बांधलेल्या आज्या मेणबत्त्या लावत होत्या, म्हणजे हे नुसतं बघायचं स्मारक नाहीये, वापरातलं आहे. गोव्याचा एक धागा पण इथे सापडतो. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये शिराझला छळ करून मारलं, तिचे अवशेष ऑगस्टिनियन साधूंनी जुन्या गोव्यात आणले होते, तिथल्या सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चमध्ये ते सापडले, आणि २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला भेट दिले. एका बाईंना मी इंडिया म्हटल्यावर त्यांनी लगेच केतेवानचं नाव घेतलं.

गोरीचं स्टॅलिन म्युझियम मी भराभर उरकलं. त्याचं जन्माचं घर, त्याचा रेल्वेचा डबा, सगळं जपलंय. गावच्या चौकातला पुतळा मात्र २०१० मध्ये काढला.

मग मार्शरुत्का पकडून आर्मेनिया. मार्शरुत्का म्हणजे आपल्याकडचं वडापच, भरली की निघते. सादाख्लोच्या बॉर्डरवर सगळे बॅगा घेऊन उतरतात, शिक्के मारून पलीकडे परत त्याच गाडीत. मी राजधानी येरेवानपर्यंत न जाता मधेच आलावेर्दीला उतरले, आणि अख्ख्या प्रवासातली सगळ्यात आवडलेली जागा हीच.

आलावेर्दी हे देबेद नदीच्या खोल दरीतलं तांब्याच्या कारखान्याचं गाव. कारखाना आता बंद, चिमणी उभी आहे, सोव्हिएत काळातल्या बिल्डिंगा, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे. वर पठारावर सानाहिन, दहाव्या शतकातला मठ. आत काळसर दगड, पायाखाली थडग्यांच्या शिळा, त्यावरूनच चालावं लागतं, दोन इमारतींच्या मधल्या अंधाऱ्या बोळात म्हणे विद्यार्थी बसून शिकायचे. बाहेर पडून थोडं चालत गेलं की एका म्युझियमच्या अंगणात चक्क मिग-२१ उभं! मिग विमानांच्या नावातला 'मि' म्हणजे आर्तेम मिकोयान, तो याच गावचा. मी नाशिकची आहे, आमच्या ओझरच्या एचएएलमध्ये वर्षानुवर्षं मिग बनले, त्यांचा आवाज ऐकत आम्ही मोठे झालो. मी तिथे बराच वेळ उभी होते, एका हाकेच्या अंतरावर हजार वर्षांचा मठ आणि हे विमान, आणि दोन्ही त्याच गावच्या माणसांचं. कुठलंही एक पुसून या देशाची गोष्ट सांगता येणार नाही असं मला ठामपणे वाटतं.

रात्री ज्या काकूंकडे राहिले त्यांच्याशी फोनवरच्या ट्रान्सलेटरने गप्पा. १९८८ चा भूकंप, मग अणुवीज केंद्र बंद, मग अझरबैजानशी युद्ध आणि नाकेबंदी, नव्वदच्या दशकातली पहिली काही वर्षं वीज दिवसातून तास-दोन तास. थंडीत शेगडीत काय जाळलं तर आधी कुंपण, मग जमिनीवरच्या लाकडी पट्ट्या, मग नवऱ्याची पुस्तकं. "रशियन आधी," त्या म्हणाल्या. आर्मेनियन पुस्तकं कपाटात अजून आहेत, त्यांनी उठून दाखवली. सोव्हिएत काळ वाईटच होता का असं विचारलं तर म्हणाल्या, तेव्हा कारखाना चालू होता. मी पुढे काही विचारलं नाही.

येरेवानहून गारनीचं देऊळ, गेगार्ड आणि खोर विरापचे मठ सगळे करतात, मी पण केलं, एका दिवसात होतात. पण मातेनादारानला एक सकाळ पूर्ण द्या. हे जुन्या हस्तलिखितांचं भांडार, दारात मेस्रोप माश्तोत्सचा पुतळा, ज्याने इ.स. ४०५ च्या सुमारास आर्मेनियन लिपी तयार केली. आत एक भलंमोठं पुस्तक आहे, मुश या गावचा प्रवचनसंग्रह, वजन सत्तावीस-अठ्ठावीस किलो. १९१५ मध्ये ऑटोमन तुर्कांनी केलेल्या आर्मेनियन लोकांच्या नरसंहारात पळताना दोन बायकांनी ते दोन भाग करून वाचवलं, एकीने अर्धं पाठीवर आणलं, दुसरीला पुढे जमेना तेव्हा तिने आपलं अर्धं पुरून ठेवलं. नंतर दोन्ही भाग एकत्र आले. लेकराबाळांना, दाण्यापाण्याला जागा नाही अशा वेळी पुस्तक उचललं या बायकांनी. काचेसमोर एक शाळेची सहल उभी होती, बाई सांगत होत्या आणि पोरं अक्षरं ओळखून मोठ्याने वाचत होती.

एकटीने जाणाऱ्या मैत्रिणींसाठी: मला दोन्ही देशांत रात्री नऊला चालत रूमवर जायला भीती वाटली नाही. आर्मेनियाचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, जॉर्जियाचे नियम बदलत असतात ते आधी नीट तपासा. आणि आलावेर्दीला एक रात्र काढाच, येरेवानच्या गाडीतून नुसतं खिडकीतून बघून पुढे जाऊ नका.