पिवळा तुकडा

"आत्या, ही तर फुटक्या बाटलीची काच दिसतेय. यात जुनं काय?"

भाचीने माझ्या फोनवरचा फोटो मोठा करून विचारलं आणि दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

फोटोत इजिप्तच्या पश्चिमेकडच्या वाळवंटातलं एक पातं होतं. फिकट पिवळी काच. सुमारे २.९ कोटी वर्षांपूर्वी उल्का धडकली, वाळू वितळली, गोठली. पुढे कधीतरी अश्मयुगातल्या माणसांनी तिची हत्यारं घडवली. इजिप्तचा प्राचीन राजा तुतानखामुनच्या छातीवरच्या दागिन्यातला भुंगाही याच काचेचा. त्याची कबर शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरला तो कॅल्सिडनी नावाच्या दगडाचा वाटला होता. (म्हणजे भाची एकटीच फसली नाही!)

मी मात्र पात्याच्या कडेशीच अडकले. शेजारी शेजारी काढलेले बारीक टवके, प्रत्येकात शिंपल्यावर असतात तशा वळ्या. एकच टवका जरा जास्त खोल गेलाय. हात चुकला असणार.

"चुकलं तरी फेकून नाही दिलं?" भाची म्हणाली.

पातं घडवणाऱ्याला उल्केबिल्केचं काय! धार हवी होती, मिळाली. की घडवता घडवता तोही क्षणभर थांबून, तुकडा उन्हात धरून, आरपार बघत बसला असेल?