आढ्याला लटकलेले आकडे

एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे, सामने आपल्याकडे पहाटे लागतात. दूध तापत ठेवायचं आणि टीव्हीचा आवाज बंद करून बघायचं, ही माझी जुनी सवय. आवाज नसला की डोळे नको तिथे जातात. २०२४ साली बॉस्टन सेल्टिक्स जिंकले तेव्हा माझे डोळे त्यांच्या पाठींवर गेले. टेटम ०, हॉलिडे ४, ब्राउन ७, पॉर्झिंगिस ८, व्हाइट ९. मुख्य पाच जण आणि पाचही आकडे एकेरी. आधी वाटलं, ही नव्या पोरांची फॅशन असेल. मग लक्षात आलं की या क्लबात एकेरी आकडे उरलेच आहेत पाच! बाकीचे वर गेलेत.

वर म्हणजे खरोखरच वर. मोठा खेळाडू थांबला की त्याचा नंबर निशाणावर लिहून मैदानाच्या छताला टांगतात आणि पुन्हा कुणाला देत नाहीत. मराठीत आकडा म्हणजे संख्याही आणि टांगायचा हूकही. हे मराठी माणसाला आधीच कळलं असावं. सेल्टिक्सने असे २३ आकडे टांगलेत. १० ते १९ मध्ये फक्त ११, १२ आणि १३ मोकळे आहेत. वापरता येतात ० ते ९९ आणि शिवाय ००, म्हणजे सगळे मिळून १०१. शंभर वर्षांनी तिथल्या पोरांना ८७ नाहीतर ९३ घालून फिरावं लागेल.

बाकीचे क्लबही हात सैल सोडतात. लेकर्सने कोबी ब्रायंटचे ८ आणि २४ असे दोन्ही आकडे टांगले. मायामीने २००३ मध्ये मायकेल जॉर्डनचा २३ टांगला. तो त्यांच्याकडून एकही सामना खेळला नव्हता! हे म्हणजे शेजारच्या आजोबांच्या फोटोला आपल्या घरात हार घालणं. सॅक्रामेंटो किंग्जने ६ नंबर प्रेक्षकांच्या नावे ठेवलाय, सहावा खेळाडू म्हणून. हेच किंग्ज २०१९ मध्ये वरळीला खेळून गेले. त्या हिशेबाने त्या दिवशी टाळ्या वाजवणारे मुंबईकरही ६ नंबरचेच.

सेल्टिक्सचे बिल रसेल २०२२ मध्ये गेले, तेव्हा त्यांचा ६ एका क्लबाने नाही, सगळ्या लीगने मिटवला. ज्यांच्या अंगावर तो होता त्यांना तेवढा राहू दिला. त्यांतल्या लेब्रॉन जेम्सने पुढच्याच वर्षी आपणहून २३ घेतला. हा मान मला पटतो. अकरा विजेतेपदं मिळवणारा माणूस पुन्हा होणं नाही.

आपल्याकडेही हा प्रकार झाला. पालघरचा शार्दूल ठाकूर २०१७ मध्ये १० नंबर घालून उतरला आणि लोकांनी त्याला इतकं झोडपलं की बिचाऱ्याने ५४ घेतला. सचिनचा दहा म्हणजे देव्हाऱ्यातला.

पण घरात आपण नेमकं उलट करतो. आजोबांचं नाव नातवाला ठेवतो. माझ्या चुलतभावाचं नाव असंच सदाशिव. अडचण एकच, आजी नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायची नाही. म्हणून तो बंड्या झाला तो आजतागायत. कागदावर आजोबांचं नाव चालू राहिलं आणि आजीचा सोवळेपणाही.

सेल्टिक्समध्ये हा सदाशिव-बंड्या तोडगा एकाला सुचला होता. जिम लॉस्कटॉफ, नंबर १८. त्याच्या सन्मानाची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, आकडा राहू द्या, पुढच्या पोराला घालू दे. मग निशाणावर आकड्याच्या जागी त्याचं हाक मारायचं नाव लिहिलं, ‘लॉस्की’. तो १८ पुढे डेव्ह कोवेन्सच्या अंगावर आला. कोवेन्स असा काही खेळला की क्लबाने १८ उचलून त्याच्या नावे वर टांगला. आता त्या छताखाली आकडेच आकडे, आणि त्यांच्यात लॉस्की एवढी एकच हाक.