वहीत न चढलेली साखर

कराडजवळच्या एका मधुमेह दवाखान्यात मी समुपदेशक आहे. डॉक्टरांकडे जाण्याआधी पेशंट माझ्यासमोर बसतो. वजन, खाणंपिणं, पाय आणि घरी तपासलेल्या साखरेची वही मी बघते. रिक्षातून येताना भरलेली वही लगेच ओळखू येते. एकच पेन, एकच हात आणि सगळे आकडे शून्यावर नाहीतर पाचावर संपणारे.

काकांची वही तसली नव्हती. बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेला माणूस. पट्टीने आखलेले रकाने, तारीख, वेळ, आकडा. ११८, १३१, १०९, १२७. कुठे निळी शाई, कुठे काळी, एका पानावर चहाचा डाग. रोजच्या रोज लिहिलेली वही होती ती. आणि शेजारी लॅबचा रिपोर्ट: एचबीएवनसी ९.२.

रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात साखर त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. ती किती चिकटली ते ही तपासणी सांगते. म्हणून लोक हिला ‘तीन महिन्यांची टेस्ट’ म्हणतात. आदल्या दिवशी भात सोडून ती फसत नाही. ९.२ म्हणजे सरासरी साखर २१७च्या आसपास. वहीतली सरासरी १२५च्या पुढे जात नव्हती.

अशा वेळी पेशंट खोटारडा असं धरून चालायचं नसतं. अंगात लोह कमी असलं तरी हा आकडा फुगतो. हिमोग्लोबिन पाहिलं तर १४.१, म्हणजे तीही शंका नव्हती. “लॅबवाल्यानं बाटल्यांची अदलाबदल केली असणार,” काका म्हणाले. मी मीटर मागितलं. काकूंनी पिशवीतून काढून दिलं.

ग्लुकोमीटर जुन्या नोंदी तारीख-वेळेसकट सांभाळतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच नसतं. बटण दाबत मागे मागे गेले. वहीतला प्रत्येक आकडा मीटरमध्ये सापडला, एकही बनावट नव्हता. फक्त दोन नोंदींच्या मध्ये वहीत न चढलेल्या नोंदी होत्या. भरपूर होत्या.

“काका, ही २६४ वहीत दिसत नाही.”

“त्या दिवशी पुतण्याची वास्तुशांत होती. ते धरायचं नाही.”

“आणि २३१?”

“पाऊस होता, फिरायला गेलो नव्हतो.”

“२९८?”

“हात धुतले नव्हते. तुम्हीच म्हणाला होता ना, बोटाला फळाचा रस असला की मीटर चुकतं.”

म्हणाले होते, आणि ते खरंही आहे. पण नोंद रात्री साडेदहाची होती. “कुठलं फळ खाल्लं होतं?” काकांच्या आधी काकूच बोलल्या, “बासुंदी.”

काकांनी शेवटचा मुद्दा काढला, मीटर मुळात जरा जास्तच दाखवतं. घरच्या मीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालतं हे कबूल, पण ते दोन्ही बाजूंना. मी विचारलं, “मग ११८ दाखवलं तेव्हा?”

“तेव्हा बरोबर होतं,” ते म्हणाले, आणि स्वतःच हसायला लागले. मग जरा वेळाने म्हणाले, “म्हणजे मी सगळं सस्पेन्सला टाकत होतो.” बँकेत ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती तात्पुरती ज्या खात्यात ठेवतात, ते हे सस्पेन्स खातं. तिथली एंट्री महिनोन्‌महिने पडून राहिली की ऑडिटर मानेवर बसतो, हेही त्यांनीच सांगितलं.

मग बूट-मोजे काढायला लावले. पायाची संवेदना तपासायला नायलॉनचा एक जाड धागा असतो, १० ग्रॅम दाब पडला की वाकणारा. पेशंटने डोळे मिटायचे, धागा टेकला की ‘हो’ म्हणायचं. काका तालात म्हणत होते, हो, हो, हो. मध्येच मी मुद्दाम हात मागे घेतला. धागा हवेत, आणि काकांचं आपलं चालूच: “हो.” पुन्हा एकदा: “हो.”

यात लबाडी नव्हती. लागतंय असं त्यांना मनापासून वाटत होतं. डोळे उघडायला सांगितले आणि त्यांच्यादेखत उजव्या अंगठ्यावर धागा टेकवला. तो वाकलेला त्यांना दिसत होता, लागत मात्र नव्हता. इतका वेळ प्रत्येक आकड्याला कारण देणारा माणूस त्यावर काहीच बोलला नाही.

यात दवाखान्यांचाही वाटा आहे असं माझं मत आहे. आकडा चांगला आला की आम्ही “वा!” म्हणतो, वाईट आला की भुवया चढवतो. मग साठीतली माणसंसुद्धा शाळेतल्या पोरांसारखी प्रगतिपुस्तक लपवायला शिकतात, आणि हळूहळू स्वतःपासूनही. नुसती वही बघितली असती तर डॉक्टरांनी आहे तोच डोस चालू ठेवला असता.

त्या दिवशी काका वही माझ्या टेबलावरच ठेवून, मीटर घेऊन आत गेले. औषध बदललं. सकाळच्या उपाशीपोटीबरोबर जेवणानंतर दोन तासांचीही साखर बघायची ठरली. वहीत ‘शेरा’ नावाचा एक रकाना वाढला. वास्तुशांत, पाऊस, बासुंदी सगळं तिथे लिहायचं, पण आकड्यासकट.

पुढच्या खेपेला रिपोर्ट ८.१ आला. डॉक्टरांना ७च्या जवळ हवाय, त्यामुळे समाधान कोणाचंच नाही. अंगठ्याची संवेदना परत आलेली नाही, ती येईल अशी आशाही मी दाखवलेली नाही. काकू रोज रात्री बॅटरी घेऊन त्यांचे तळवे बघतात. अनवाणी चालणं बंद केलंय, देवळातही. उन्हात फरशी तापलेली असते आणि चटका यांना कळणार नाही. मोजे घालून गाभाऱ्यापर्यंत जायचं की बाहेरूनच नमस्कार करायचा, यावर नवराबायकोचं अजून एकमत झालेलं नाही. मला विचारलं तर मी बाहेरूनच म्हणते.