नामिबियातील पहिल्या शिकारीची तयारी: माझा अनुभव

नोकरीनिमित्त टेक्सासमध्ये स्थायिक झाल्यानंतर शेजाऱ्यांच्या सोबतीने मला हरणाच्या शिकारीची गोडी लागली. पुढे दक्षिण टेक्सासच्या कुरणांमध्ये, जिथे १९२० आणि १९३०च्या दशकांत आणून सोडलेली आपली नीलगाय आज मोकळेपणाने वाढली आहे, तिथेही मी जाऊ लागलो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकारीला वावच उरला नाही, आणि माझ्या पिढीच्या मराठी माणसाला शिकार ठाऊक आहे ती मुख्यतः आजोबांच्या गोष्टींतली. त्यामुळे आफ्रिकेला शिकारीसाठी जायचे ठरवले तेव्हा घरी विचारावे असे कोणी नव्हते. शिकार योग्य की अयोग्य, हा वाद मी इथे घालत नाही. ज्याला हे मुळातच पटत नाही त्याला माझ्या लिहिण्याने पटणार नाही, आणि त्याचे मत मला मान्यही आहे. अमेरिकेत राहणाऱ्या आणि कायद्याच्या चौकटीत राहून हे करू इच्छिणाऱ्या मराठी वाचकासाठी मी तयारीचा तपशील लिहितो आहे.

पहिला प्रश्न देशाचा होता. दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया हे दोन पर्याय समोर होते, कारण कुडू, ओरिक्स, स्प्रिंगबॉक यांसारख्या कुरंगवर्गीय (अँटिलोप) प्राण्यांच्या शिकारीसाठी नवखा माणूस बहुधा याच दोन देशांत जातो. मी नामिबिया निवडला. तिथे बंदूक तात्पुरती देशात आणण्याचा परवाना विमानतळावरच मिळतो. शिवाय शिकारीचे कायदे मोजके आणि स्पष्ट आहेत. परदेशी माणसाला सरकारकडे नोंदणी झालेल्या शिकार-मार्गदर्शकाशिवाय शिकार करता येत नाही, शिकारीचा परवाना मार्गदर्शकामार्फत आधीच काढावा लागतो, हंगाम १ फेब्रुवारी ते ३० नोव्हेंबर असा असतो, आणि रात्रीच्या शिकारीला बंदी आहे. तिथल्या व्यवस्थेचा इतिहासही मला विचार करण्याजोगा वाटला. खासगी शेतमालकांना आपल्या जमिनीवरील वन्यप्राण्यांवर हक्क मिळाल्यापासून गुरांबरोबर रानटी प्राणी राखणेही त्यांना परवडू लागले, आणि १९९६च्या कायद्याने असेच हक्क सामुदायिक जमिनीवरील गावांनाही मिळू शकले. ओटजीवरोंगो या गावाजवळचे एक शेत मी निश्चित केले. भारतीय वाचकांना हा परिसर एका वेगळ्या कारणाने जवळचा वाटेल: सप्टेंबर २०२२मध्ये कुनोला आलेल्या आठ चित्त्यांचा सांभाळ करणारी संस्था याच गावाजवळ आहे.

आयोजकाशी केलेल्या कराराला मी सर्वांत जास्त वेळ दिला, आणि तो वेळ सार्थकी लागला असे माझे ठाम मत आहे. आफ्रिकेतील शिकारीचा खर्च दोन भागांत आकारला जातो. एक दैनिक शुल्क, ज्यात राहणे, जेवण, गाडी, मार्गदर्शक आणि माग काढणारा माणूस हे सारे येते. आणि दुसरे प्रत्येक प्राण्यामागे ठरलेले शुल्क, जे प्राणी मिळाला तरच द्यायचे असते. यात एक कलम नवख्याच्या नजरेतून सहज निसटते. प्राणी जखमी होऊन हाती लागला नाही, तरी त्याचे पूर्ण शुल्क द्यावे लागते. जमिनीवर रक्ताचा एक थेंब दिसला, तरी प्राणी मिळाला असेच धरले जाते. ही अट मला न्याय्य वाटते, कारण तिच्यामुळे अनिश्चित गोळी झाडण्याचा मोह आवरला जातो. याखेरीज पंधरा टक्के मूल्यवर्धित कर दरपत्रकात धरला आहे की वेगळा आहे, विमानतळावरून नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा, एका मार्गदर्शकामागे शिकारी एक की दोन, कातडी आणि शिंगे जंतुमुक्त करून बांधण्याचे पैसे कोणी द्यायचे, आणि आगाऊ रक्कम कोणत्या परिस्थितीत परत मिळणार, हे सर्व मी लेखी मागवले. ज्या आयोजकाने या प्रश्नांना सविस्तर आणि न कंटाळता उत्तरे दिली, त्याचीच मी निवड केली. कमी दर सांगणारे दुसरे होते, परंतु त्यांची उत्तरे मोघम होती.

बंदुकीच्या मालकीबाबत अमेरिकेतील आपल्या लोकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक बाळगण्यास संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. ग्रीन कार्डधारकाला आणि नागरिकाला ही अडचण नाही. माझे नागरिकत्व झालेले असल्याने हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला होता. ज्यांचा सुटलेला नाही, त्यांनी बंदूक सोबत न नेता शेतावरची भाड्याची रायफल वापरावी हे उत्तम. ती सोय बहुतेक ठिकाणी असते, आणि तिच्यामुळे पुढे सांगणार असलेली निम्मी कागदपत्रे वाचतात. मी स्वतःची रायफल नेली, कारण तिच्या घोड्याचा दाब आणि तिचा झटका माझ्या अंगवळणी पडलेला होता.

कोणती रायफल चालेल हे नामिबियात कायद्यानेच ठरते. गोळी नळीतून बाहेर पडताना तिच्यात किमान किती ऊर्जा असावी, याचे आकडे तिथे दिलेले आहेत: स्प्रिंगबॉकसारख्या लहान प्राण्यांसाठी १,३५० जूल, कुडू, ओरिक्स आणि ईलँड यांच्यासाठी २,७०० जूल, तर आफ्रिकी रानम्हैस आणि हत्ती यांसारख्या मोठ्या प्राण्यांसाठी ५,४०० जूल. टेक्सासमध्ये हरणांसाठी लोकप्रिय असलेली .२४३ रायफल मोठ्या कुरंगांच्या मर्यादेला नेहमीच्या काडतुसांत किंचित कमी पडते. माझी .३०-०६ बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक गोळीनंतर खटका हाताने ओढावा लागणारी) होती, आणि १८० ग्रेन वजनाच्या गोळीबरोबर ती साधारण ३,९०० जूल देते, त्यामुळे प्रश्न उरला नाही. अर्धस्वयंचलित बंदुका आणि पिस्तुले तिथे नेता येत नाहीत. काडतुसांच्या बाबतीत मी काटकसर केली नाही; आत शिरल्यावर फुटून विखुरणार नाही अशा मजबूत बांधणीची गोळी घेतली, आणि सराव व शिकार दोन्हीसाठी तीच वापरली.

सरावाविषयी मात्र जरा विस्ताराने लिहायला हवे. अमेरिकेत आपण बहुधा मचाणावरून किंवा बाकावर रायफल टेकवून गोळी झाडतो. आफ्रिकेत दिवसभर पायी माग काढायचा असतो आणि गोळी झाडायची वेळ येते ती उभ्याने, तीन काठ्यांच्या तिपाईवर रायफल टेकवून. मार्गदर्शक तिपाई उभी करतो आणि हलक्या आवाजात सांगतो, की डावीकडून दुसरा. तेवढ्या काही क्षणांत तुम्हाला रायफल ठेवून, श्वास सावरून नेम धरायचा असतो. म्हणून मी तशी तिपाई विकत घेतली आणि बाकावर बसणे जवळजवळ बंद केले. आधी घरातच, रिकाम्या रायफलीने, रोज संध्याकाळी तिपाई उघडणे, रायफल ठेवणे आणि घोडा दाबणे एवढेच करत राहिलो. मग मैदानावर शंभर यार्डांपासून सुरुवात करून अंतर वाढवत नेले, आणि थोडे धावून, धाप लागलेली असताना नेम धरायचा सरावही केला. उभ्याने दोनशे यार्डांपलीकडे माझा भरवसा राहत नाही, हे यातून मला कळले, आणि तीच मर्यादा मी मार्गदर्शकाला पहिल्याच दिवशी सांगितली. त्याला ते ऐकून आनंदच झाला.

नेम कुठे धरायचा हेही नव्याने शिकावे लागते. आफ्रिकेतील कुरंगांचे हृदय आणि फुप्फुसे हरणाच्या मानाने पुढे आणि खाली असतात. टेक्सासच्या सवयीप्रमाणे खांद्याच्या मागे गोळी मारली, तर ती फार मागे पडण्याची शक्यता असते. प्राणी आडवा उभा असताना पुढच्या पायाची रेघ वर धरून, छातीच्या खालच्या एक-तृतीयांशावर नेम ठेवायचा, असा तिथला नियम आहे. कुडू आणि ओरिक्स यांची छायाचित्रे छापून, त्यांवर हृदयाची जागा आखून, मी ती मैदानावर लक्ष्य म्हणून लावत असे.

कागदपत्रांमध्ये सर्वांत महत्त्वाचा होता अमेरिकी सीमाशुल्क खात्याचा ४४५७ क्रमांकाचा नमुना. बंदूक आपलीच असून देशाबाहेर जाण्यापूर्वी आपल्याकडे होती, याचा तो पुरावा असतो. रायफल, तिच्यावरची दुर्बीण आणि त्यांचे क्रमांक अधिकाऱ्याला प्रत्यक्ष दाखवून त्यावर शिक्का घ्यावा लागतो. मी भेटीची वेळ आधी ठरवून, रायफल बंद पेटीत घेऊन गेलो, आणि काम सहज झाले. छापील नमुन्याच्या कोपऱ्यातली तारीख उलटून गेलेली नसावी, अशी सूचना आयोजकाने दिली होती, कारण ती नमुन्याच्या आवृत्तीची तारीख असली तरी परदेशातील पोलीस तिला दाखल्याचीच मुदत समजू शकतात. प्रवास अटलांटा आणि जोहान्सबर्गमार्गे होता. एकाच तिकिटावर, सामान थेट नामिबियाची राजधानी विंडहोकपर्यंत नोंदवलेले असल्याने रायफल दक्षिण आफ्रिकेत ताब्यात घ्यायची नव्हती. तरीही विमान चुकून तिथे मुक्काम पडला तर पंचाईत नको म्हणून, दक्षिण आफ्रिकी पोलिसांचा ५२० क्रमांकाचा अर्ज काळ्या शाईने भरून, सही न करता सोबत ठेवला. सही अधिकाऱ्यासमोरच करायची असते. त्याची गरज पडली नाही. न्यूयॉर्कमार्गे जाणारे स्वस्त तिकीट मी मुद्दाम टाळले, कारण तिथले बंदुकीचे स्थानिक कायदे कडक आहेत आणि विमान रद्द झाले तर पेटी हातात घेण्यातही धोका असतो.

विमान कंपनीला रायफल नेत असल्याचे तिकीट काढतानाच कळवले. पेटी कठीण, कुलूपबंद आणि रायफल रिकामी असावी लागते, आणि चावी फक्त प्रवाशाकडे राहते. काडतुसांना पाच किलोची मर्यादा असते. अमेरिकेत ती रायफलीच्याच पेटीत चालली असती, पण पुढच्या टप्प्यावर चालत नाहीत म्हणून मी ती मूळ खोक्यात, वेगळ्या कुलूपबंद डबीत घालून दुसऱ्या बॅगेत ठेवली. व्हिसाचेही पाहावे लागले: १ एप्रिल २०२५पासून अमेरिकी नागरिकांना नामिबियासाठी व्हिसा लागतो आणि त्याचे शुल्क १,६०० नामिबियन डॉलर आहे. हे चलन दक्षिण आफ्रिकी रँडशी एकास एक बांधलेले असल्याने रँडही तिथे चालतो.

प्रवासाच्या आरोग्य-दवाखान्यात डॉक्टरांनी धनुर्वात, कावीळ अ आणि विषमज्वर यांच्या लसी तपासल्या. तिथल्या हिवाळ्यात (जून-जुलैत) आणि मध्य नामिबियात मलेरियाचा धोका कमी असला तरी त्यांनी अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलच्या गोळ्या दिल्या. त्या प्रवासाच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायच्या असतात. विम्याची कलमे मात्र मी स्वतः वाचली. सामान्य प्रवास विम्यात शिकारीतील अपघात वगळलेले असू शकतात, म्हणून शिकारीसह आणि हवाई रुग्णवाहिकेसह संरक्षण देणारा विमा वेगळा घेतला.

कपड्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. तपकिरी किंवा फिकट हिरव्या रंगाचे तीन जोड पुरतात, कारण शेतावर कपडे रोज धुऊन मिळतात. लष्करी नक्षीचे कपडे नेऊ नयेत. झिंबाब्वेसारख्या शेजारच्या देशांत नागरिकांना त्यांची मनाईच आहे. जून-जुलैमध्ये पहाटे उघड्या गाडीवर थंडी अक्षरशः हाडात शिरते, त्यामुळे लोकरीची टोपी आणि हातमोजे आवश्यक आहेत. बूट मी घरीच चालून मऊ केले. बाभळीच्या जातीच्या आकडेदार काट्यांतून चालताना पिंडरीपर्यंतचे जाड वेष्टन फार उपयोगी पडले.

विंडहोकच्या होसेआ कुटाको विमानतळावर पोलिसांनी रायफलीचा क्रमांक ताडून पाहिला, काडतुसे मोजली आणि परवाना हातात दिला. त्यासाठी शुल्क नव्हते. हा कागद जपून ठेवावा लागतो, कारण देश सोडताना तोच परत द्यायचा असतो. शेतावर पोहोचल्यावर मार्गदर्शकाने सर्वप्रथम लक्ष्यावर गोळ्या झाडायला लावल्या. लांबच्या प्रवासात दुर्बिणीचा नेम सरकला आहे का हे त्यातून कळते, आणि पाहुणा कसा आहे हेही मार्गदर्शकाला कळते, असा माझा अंदाज आहे.

मला एक ओरिक्स आणि एक कुडू मिळाला. मांस तिथेच राहिले. काही आमच्या जेवणात आले आणि बाकीचे शेतावरील कामगारांच्या घरी गेले. वाळवलेल्या मांसाचे तुकडे, ज्यांना तिथे बिल्टाँग म्हणतात, अमेरिकेत आणता येत नाहीत. वॉर्टहॉगची शिकार मी टाळली, कारण डुक्करवर्गीय प्राण्यांच्या कातडीसाठी आफ्रिकन स्वाइन फीव्हरमुळे अमेरिकी कृषी खात्याचे वेगळे नियम आहेत. कुडू आणि ओरिक्स यांना साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार) परवाना लागत नाही, हार्टमनच्या डोंगरी झेब्र्याला लागतो. हेही प्राणी ठरवण्याआधी पाहून घेतले होते. शिंगे जंतुमुक्त करून मालवाहतुकीने ह्यूस्टनला येतात, तेव्हा वन्यजीव खात्याचा ३-१७७ क्रमांकाचा घोषणापत्राचा नमुना भरावा लागतो. ते काम मी सीमाशुल्क दलालाकडे सोपवले, आणि त्याचे पैसे आयोजकाच्या दरपत्रकात कुठेच नसतात, हे अंदाजपत्रक मांडतानाच लक्षात घ्यावे. एका नातेवाइकाने शिंगांची जोडी पुण्याच्या घरासाठी मागितली होती. भारतातील वन्यजीव आणि आयात कायदे पाहता ते शक्य नाही, असे मी त्यांना कळवले.